बाटली कोणती, ते आधी विचारा

*डॉक्टरताई, माझे बाबा 63 वर्षांचे आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मागच्या उन्हाळ्यापासून कोरडा खोकला आणि जिना चढताना दम. हिवाळ्यात जरा बरं होतं, आता कूलर लागल्यापासून रात्रीचा खोकला पुन्हा वाढलाय. वजन सहा किलोने उतरलं. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मधोमध गाठी वाढलेल्या आणि दोन्ही फुप्फुसांत धूसर चट्टे दिसले. फॅमिली डॉक्टर म्हणतात, टीबीच असणार, गोळ्या सुरू करून टाकू. धंतोलीतले छातीचे डॉक्टर म्हणतात, आधी तपासू. पुढच्या गुरुवारी दुर्बिणीतून गाठीत सुई घालणार आणि फुप्फुसाचा तुकडाही काढणार. नमुना तिथल्या तिथे पाहायला माणूस आणि 'इमेजिंग'ची मशीन असणार, त्याचे पैसे वेगळे. दादा म्हणतो हा बिल फुगवायचा प्रकार आहे, सरळ मुंबईला नेऊ. आत्या म्हणते, गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो. मला वेगळंच कळत नाही. पाच मिनिटांत दिसणार असेल तर रिपोर्टला आठ-दहा दिवस कशाला? आणि आत काही वाईट दिसलं तर बाबांना त्याच दिवशी सांगायचं का?*
*– एक मुलगी, मानेवाडा, नागपूर*

दादाचा प्रश्न आधी घेते. पैशांचं विचारायला लोक लाजतात आणि मग रात्रभर तोच हिशेब करत पडतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तीस वर्षं मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून मायक्रोस्कोपवर बसले. त्यातली शेवटची काही वर्षं दुर्बिणीच्या खोलीतल्या कोपऱ्यात, ट्रॉलीवर मायक्रोस्कोप मांडून. तुमच्या बिलात जो माणूस वेगळा लागणार आहे, ते काम मी स्वतः केलेलं आहे. त्यामुळे माझं मत थोडं तिकडे झुकलेलं असेल, ते धरूनच वाचा.

त्या खोलीत होतं काय, तर तोंडावाटे श्वासनलिकेत एक बारीक दुर्बीण जाते. तिच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडची गाठ पडद्यावर दिसते आणि ती बघत बघत भिंतीतून गाठीत सुई जाते. याला डॉक्टर लोक 'ईबस' म्हणतात. सुई बाहेर आली की तिच्यात जे काही अडकलं असेल त्याचा एक थेंब काचेच्या स्लाइडवर घ्यायचा, दुसऱ्या स्लाइडने पसरवायचा, हवेत हलवून वाळवायचा आणि झटपट रंगात बुडवायचा. एक-दोन मिनिटांचं काम. मग मायक्रोस्कोपखाली. या सगळ्याला इंग्रजी आद्याक्षरं जोडून 'रोझ' असं गोड नाव पडलंय. गुलाबाशी काही संबंध नाही, खोलीत वास फॉर्मॅलिनचा असतो.

त्या स्लाइडवर मी पहिल्यांदा कॅन्सर शोधत नाही. मी बघते की सुई गाठीत गेली होती का. गाठीत गेली असेल तर लिम्फोसाइट नावाच्या पेशींची गर्दी दिसते. नुसतं रक्त आणि श्वासनलिकेच्या अस्तराच्या झालरीवाल्या पेशी दिसल्या, तर मी म्हणते, "सर, नाही आलं. पुन्हा." पेशंट टेबलावर असताना हे 'पुन्हा' फार स्वस्त पडतं. तेच आठ दिवसांनी रिपोर्टवर 'नमुना अपुरा' असं छापून आलं तर पुन्हा उपाशी राहणं, पुन्हा भूल, पुन्हा बिल.

कळमन्याच्या धान्यबाजारात कधी गेला असाल तर पाहिलं असेल. व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर गहू तळहातावर घेतो आणि एका नजरेत सांगतो की माल कसला आहे, खडे आहेत का, खालचं पोतं वरच्यासारखंच आहे का. पण त्या नजरेवर तो सगळी गाडी विकत घेत नाही. आमचं रोझ म्हणजे तो तळहात. त्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही.

आता याहून मोठं काम सांगते, ज्यावर लोकांचं सहसा लक्षच जात नाही. बाटली. सुईतून आलेला माल कुठल्या बाटलीत जाणार हे त्याच वेळी ठरवावं लागतं आणि एकदा गेला की परत काढता येत नाही. फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर पेशी छान टिकतात, तुकड्याच्या स्लाइड बनतात, पण जंतू मरतात. मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. कल्चर आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची झटपट जनुकीय तपासणी) यांसाठी नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा. लिम्फोमाची, म्हणजे लसिका गाठींच्या कॅन्सरची, शंका असेल तर फ्लो सायटोमेट्री या पेशी ओळखायच्या तपासणीसाठी ताज्या, जिवंत पेशी हव्यात. फुप्फुसाचा कॅन्सर दिसला तर नंतर ईजीएफआर, एएलके, आरओएस-1, पीडी-एल-1 अशा तपासण्या लागतात, कारण आजकाल औषध त्यांवरून ठरतं. त्यासाठी भरपूर पेशी साठवून त्यांचा मेणाचा ब्लॉक करावा लागतो, म्हणजे सुईच्या आणखी दोन-तीन फेऱ्या. पहिल्या स्लाइडवर काय दिसतंय हे कळलं की मालाची ही वाटणी डोळसपणे होते. नाही कळलं तर अंदाजाने होते.

एका मुलीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बरीच वर्षं झाली. तिच्या छातीतल्या गाठीचा नमुना काढला तेव्हा खोलीत पॅथॉलॉजिस्ट नव्हता. सगळाच्या सगळा माल फॉर्मॅलिनमध्ये टाकून माझ्याकडे आला. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा दिसले, म्हणजे शरीराने कशाला तरी घेरून बांधलेले पेशींचे पुंजके. टीबीत ते असतात, सार्कॉइडोसिस नावाच्या, टीबीच्या जंतूशिवाय होणाऱ्या सुजेच्या आजारातही असतात. टीबीत मधोमध सडका भाग असण्याची शक्यता जास्त, तिच्यात तो धड होता म्हणावा तर नव्हता. कल्चर हवं होतं आणि कल्चरला द्यायला काहीच उरलेलं नव्हतं. दोन आजार, दोन विरुद्ध उपचार. टीबीला सहा महिने टीबीच्या गोळ्या, सार्कॉइडला कधी काहीच नाही तर कधी स्टिरॉइड, आणि टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर टीबी उसळतो. त्या पोरीची पुन्हा दुर्बीण करावी लागली. चूक एकट्या त्या खोलीची नव्हती. 'कल्चरचं काय करणार आहात' असा फोन मी आदल्या दिवशी करू शकले असते. यादीत तिचं नाव मी वाचलं होतं.

म्हणून दादाला सांगा, की वेगळे पैसे दिसले म्हणजे लुबाडणूकच असं नाही. दुसरी बाजूही मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये ईबससाठी ज्या सूचना काढल्या त्यांत रोझ असो वा नसो, दोन्ही चालेल असं म्हटलं आहे. रोझ नसेल तर प्रत्येक गाठीत किमान तीन वेळा सुई घाला, असंही. निदान होण्याचं प्रमाण रोझमुळे फार वाढतं असं चाचण्यांमधून ठामपणे निघालेलं नाही. फायदा दिसतो तो फेऱ्या आणि जादा तपासण्या कमी होण्यात. तेव्हा एखाद्या ठिकाणी ही सोय नसेल तर ती तपासणी भिकार असं अजिबात नाही, अनुभवी हातांनी चार फेऱ्या नीट केल्या तरी काम होतं. पण तुमच्या बाबांच्या बाबतीत टीबी, सार्कॉइड, कॅन्सर आणि आणखी एक (त्याच्याकडे येतेच) असे चार दरवाजे उघडे आहेत. अशा वेळी तिथे दोन डोळे जास्त असावेत असं मला वाटतं. माझे वडील असते तर मी ते पैसे दिले असते. खर्च मात्र आधी लिहून मागा. स्लाइड नेमकं कोण बघणार तेही विचारा. पॅथॉलॉजिस्ट स्वतः हजर असतील, तंत्रज्ञ असेल किंवा चित्रं इंटरनेटवरून दुसरीकडे पाठवली जातील. तिन्ही पद्धती रीतसर आहेत, पण पैसे कशाचे देतोय ते आपल्याला माहीत हवं.

आता ती 'इमेजिंग'ची मशीन. गाठीचं वर सांगितलेलं काम स्लाइडवर भागतं, कारण तिथे सुट्या पेशी बघायच्या असतात. फुप्फुसातल्या चट्ट्यांचं तसं नसतं. तिथे पेशींपेक्षा त्यांची रचना महत्त्वाची. हवेच्या पिशव्यांच्या भिंती जाड झाल्यात का, सूज बारीक नळ्यांभोवती आहे की कडेला, जाळं कसं पडलंय. स्लाइडवर पसरवलं की ही रचना मोडते. घर बघायचंय आणि हाती विटांचा ढीग आला, तसं. म्हणून तिथे अख्खा तुकडा लागतो. चिमट्याने काढतात, काही ठिकाणी गोठवणाऱ्या प्रोबने, ज्याला क्रायो म्हणतात.

हा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, क्रायोचा असला तर त्याहून मोठा. पूर्वी तो ताजा असताना बघायचे दोनच मार्ग होते. स्लाइडवर हळूच टेकवून त्याचा ठसा घ्यायचा, नाहीतर ऑपरेशन थिएटरमध्ये करतात तसं गोठवून काप काढायचे, म्हणजे फ्रोझन. त्यात इवल्याशा तुकड्यातला बराचसा भाग वाया जातो आणि फुप्फुसाची जाळी गोठताना वेडीवाकडी होते. नव्या मशिनी तुकडा कापतच नाहीत. पेशींच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या, चमकणाऱ्या रंगात तो क्षणभर बुडवतात आणि लेसरने त्यावरून नजर फिरवतात. या कॉनफोकल तंत्रातली गंमत अशी की एकाच पातळ थरातून आलेला उजेड आत घेतला जातो, वरखालचा अडवला जातो. म्हणजे सुरी न लावता काप बघितल्यासारखं. कल्पना काही कालची नाही. मार्विन मिन्स्की नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1957 मध्ये तिच्या पेटंटचा अर्ज केला होता. दुसऱ्या एका पद्धतीत साधारण 280 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश वापरतात. तो ऊतीत फार खोल शिरतच नाही, त्यामुळे फक्त पृष्ठभाग उजळतो. दोन्हीकडे संगणक त्या चित्राला आमच्या सवयीचा गुलाबी-जांभळा रंग चढवतो, म्हणजे आमच्यासारखी जुनी खोडं बिचकत नाहीत.

पडद्यावर दोन-चार मिनिटांत उत्तर मिळतं ते एवढंच, की या तुकड्यात हवेच्या पिशव्या आहेत, की नुसती नळीची भिंत हाती आली. हे 'एवढंच' मी कमी लेखत नाही. फुप्फुसाचा तुकडा काढताना हवा गळण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका दर तुकड्यागणिक असतो. पुरेसं आलं हे कळलं तर डॉक्टर थांबू शकतात. आणि बघून झालं तरी तुकडा शाबूत राहतो, तोच पुढे फॉर्मॅलिनमध्ये जातो. तुमच्या डॉक्टरांकडची मशीन यातली नेमकी कुठली, ते त्यांनाच विचारा. 'इमेजिंग' म्हणजे मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवलेला आणि चित्र पडद्यावर, एवढंही असू शकतं. वाईट काही नाही, फक्त दर त्या हिशेबाने हवा.

मग आठ-दहा दिवस कशाला? कारण खरं वाचन अजून सुरूच झालेलं नसतं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये काही तास मुरतो, मग रातोरात अल्कोहोल, झायलीन आणि शेवटी मेण. मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. ते रंगवायचे. टीबीच्या जंतूंसाठी वेगळा रंग. कॅन्सरची शंका असेल तर इम्युनोच्या तपासण्या, म्हणजे पेशींची जात ओळखायचे खास रंग, त्यांचे आणखी दिवस. सीबीनॅटची मशीन दोनेक तासांत बोलते, कल्चर मात्र सहा आठवडेही घेतं. झटपट बघताना मशीनला तुकड्याचा पृष्ठभागच दिसलेला असतो, पोट नाही. आणि एक फसवी जागा आहे. कॅन्सरच्या शेजारच्या गाठीतही कधीकधी ग्रॅन्युलोमा तयार होतात. त्या खोलीत 'ग्रॅन्युलोमा आहेत, कॅन्सर दिसत नाही' असं ऐकून पेढे वाटलेली माणसं मी पाहिली आहेत. फुप्फुसाच्या चट्ट्यांचं निदान तर एकट्या पॅथॉलॉजिस्टने करायचंच नसतं. छातीचे डॉक्टर, सीटी वाचणारे आणि आम्ही, असे तिघं बसून ते ठरवतो. अशी बैठक होणार आहे का, हे जरूर विचारा.

आत्यांचा प्रश्न मी थोडक्यात संपवते. ईबसच्या सुईने कॅन्सर पसरला अशी उदाहरणं जगभरात बोटावर मोजण्याइतकी. खरी काळजी दुसऱ्या गोष्टींची. तुकडा काढल्यावर छातीत एकाएकी दुखलं, दम वाढला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. थुंकीत एक-दोन दिवस रक्ताची रेघ चालते, चमचाभर लाल रक्त चालत नाही. ताप आला तर फोन करायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. ती थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे त्यांनी ठरवायचं. घरच्यांनी नाही, मेडिकल स्टोअरवाल्याने तर नाहीच.

आणि फॅमिली डॉक्टरांना नम्रपणे सांगा की गुरुवारपर्यंत थांबू. ते चुकीचंच बोलतायत असं नाही, आपल्याकडे टीबी आहेच की. पण गोळ्या आधी सुरू झाल्या तर कल्चरमध्ये जंतू उगवेनासे होतात. खोकल्यासाठी कुणी लिव्होफ्लॉक्सॅसिन दिलं असेल तर तेही टीबीला अर्धवट दाबतं. मध्यंतरी स्टिरॉइडचा कोर्स झाला असेल तर तो लपवू नका. स्टिरॉइडने लिम्फोमाच्या गाठी विरघळतात, ग्रॅन्युलोमाही मावळतात, आणि आम्ही रिकामी स्लाइड बघत बसतो.

आता तो चौथा दरवाजा. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलं, कूलर लागल्यापासून खोकला वाढलाय. मी ते तीनदा वाचलं. नागपुरात कूलर म्हणजे घरातलं माणूस, त्याच्याविरुद्ध बोललं की लोकांना राग येतो. माझ्याही घरी आहे. पण भारतातल्या 19 शहरांमधल्या 27 केंद्रांनी 2012 ते 2015 या काळात फुप्फुसात असे चट्टे-जाळं पडलेल्या 1084 रुग्णांची नोंद केली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांना, 47 टक्क्यांना, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला. श्वासातून रोज आत जाणाऱ्या कशाची तरी फुप्फुसाला आलेली चीड म्हणा. आणि या निम्म्यांतल्या साधारण निम्म्यांच्या इतिहासात एअर कूलर होता. ओला वाळा, लाकडाच्या भुश्याच्या ताट्या, टाकीत आठवडाभर न बदललेलं पाणी, त्यात वाढणारी बुरशी, आणि त्यावरून येणारा गार वारा थेट तोंडावर. होळीनंतर ताट्या बदलायच्या असा आपल्याकडे रिवाज, पण मागच्या वर्षीच्याच ठोकून दिलेली घरं मला माहीत आहेत.

बाबांना हेच झालंय असं मी म्हणत नाही. एवढं वजन उतरलंय आणि गाठी वाढल्यात, बाकीचं तपासायलाच हवं. पण या आजारातही बायोप्सीत ग्रॅन्युलोमा असतात, विस्कळित, नीट न बांधलेले. कूलरची गोष्ट माहीत नसेल तर पॅथॉलॉजिस्ट त्यांना टीबीच्या किंवा सार्कॉइडच्या खात्यात टाकू शकतो. आमच्याकडे तुकड्याबरोबर एक फॉर्म येतो. त्यावर बहुतेक वेळा 'फुप्फुसाची बायोप्सी, ?कॉक्स' एवढंच खरडलेलं असतं. कॉक्स म्हणजे टीबी. त्याखाली कूलर कधीपासून, किती तास, हिवाळ्यात बरं वाटलं, घरी किंवा गच्चीत कबुतरं आहेत का, वर्कशॉपमध्ये कसली धूळ होती, हे सगळं लिहून जायला हवं. डॉक्टरांना घाई असेल तर तुम्ही कागदावर लिहून फॉर्मला टाचणी मारा. मला असा एखादा कागद मिळाला की माझा अर्धा दिवस वाचायचा. बाबांची खाट आजपासून कूलर नसलेल्या खोलीत हलवा. उकडेल, कुरकुर करतील. चार रात्रींत खोकल्यात फरक पडला तर तोही त्याच कागदावर लिहा. निदान म्हणून नको, नोंद म्हणून.

मुंबईबद्दल. दुसरं मत घ्यायला माझी ना नाही, पण त्यासाठी दमलेल्या माणसाला रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसवायची गरज नसते. मेणाचा ब्लॉक प्रवास करतो. तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि दुसऱ्या मतासाठी तो मागता येतो. नुसत्या स्लाइड किंवा मोबाइलवरचे फोटो नेऊ नका, ब्लॉक न्या. मशीनने काढलेली चित्रं कितीही सुंदर असली तरी त्यांवर पुढची तपासणी करता येत नाही. आणि पैशांची फारच ओढाताण होत असेल तर मुंबईच्या आधी इथेच मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, किंवा मिहानच्या एम्समध्ये चौकशी करा.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. गुरुवारी डॉक्टर बाहेर येतील आणि बहुधा दोन-चार वाक्यं बोलतील. तुम्ही सकाळी काहीतरी खाऊन जा, उपाशी बाबांनी राहायचंय, तुम्ही नाही. उपाशीपोटी निम्मं ऐकू येतं. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा. माल पुरेसा आला का, आणि कुठल्या कुठल्या बाटलीत गेला. उत्तर तिथेच लिहून घ्या. आत काय 'दिसलं' हे ते आपणहून बोलले तर ऐका, त्यांच्या तोंडून वदवून घेऊ नका. घाईने दिलेला शब्द नंतर फिरवावा लागतो आणि त्यात पेशंटचा डॉक्टरवरचा विश्वास जातो.

बाबांना त्या दिवशी काही सांगायचं की नाही, याचं उत्तर बरंचसं औषधच देऊन टाकतं. दुर्बिणीआधी सहसा मिडॅझोलॅम देतात. त्यानंतरचे काही तास माणूस जागा असतो, बोलतो, मान डोलावतो आणि संध्याकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. म्हणून बोलायचं ते बुधवारी रात्री बोला. त्यांनी जन्मभर गाड्यांची इंजिनं उघडली आहेत. बॉनेटला कान लावून केलेला अंदाज आणि इंजिन खाली उतरवून काढलेला दोष यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. त्यांना सांगा की गुरुवारी फक्त कान लावणार आहेत, इंजिन पुढच्या आठवड्यात उघडणार. आणि त्यांनाच विचारा, "बाबा, आधी मला सांगू दे की डॉक्टरांनी थेट तुम्हालाच सांगावं?" जे म्हणतील ते दादालाही कळवून ठेवा.